मधले दोनशे तीस किलोमीटर

पडदा वर जातो तेव्हा समोर विमानाची तिकिटं काढून देणारी एक चिंचोळी कचेरी दिसते. भिंतीवर जगाचा नकाशा. त्याच्या खालच्या कोपऱ्याची टाचणी निघाली आहे, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानं एक अख्खा समुद्र सारखा फडफडतो आहे. काउंटरच्या पलीकडे कॉम्प्युटर आणि त्याच्यामागे चष्मा डोक्यावर चढवून बसलेली एक तरुण मुलगी. अलीकडे दोन खुर्च्या. एकीत मी. दुसरी रिकामी. ती ज्याच्यासाठी मांडली आहे तो उंच, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ येरझाऱ्या घालतो आहे. दारापर्यंत, नकाशापर्यंत, पुन्हा दारापर्यंत.

"बसा ना काका," मुलगी म्हणाली.

"बसलोय की," तो म्हणाला आणि दाराकडे निघाला.

आमच्या नाटक कंपनीत याला सगळे भिंगरी म्हणायचे. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण हा डोक्यापासून पायापर्यंत सगळाच भिंगरी होता. जेवायचा उभ्यानं, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. दाढी करताना सुद्धा गालाला साबण लावून अंगणात एक फेरी मारून यायचा. जगात एकच जागा अशी होती की तिथं तो रात्रंदिवस शांत बसे. ती म्हणजे आमच्या बसच्या स्टेअरिंगमागची. कंपनी बंद झाली, बस भंगारात गेली, मोतीबिंदूनंतर त्याचं मोठ्या गाडीचं लायसन्सही गेलं. तेव्हापासून त्याला निवांत बसलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"किती लांब आहे हो ते शहर?" त्यानं नकाशाकडे पाठ करून विचारलं.

मुलीनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "सहाशे दहा किलोमीटर. उड्डाण एक तास वीस मिनिटांचं."

"चूक. आठशे चाळीस. हाडं झिजवलीत त्या रस्त्यावर, मला सांगतेस होय?"

"ते रस्त्यानं, काका. विमान सरळ जातं."

"सरळ? मध्ये घाट आहे."

"घाटावरून जातं."

"आणि नदी?"

"नदीवरून."

"मग मधले दोनशे तीस किलोमीटर गेले कुठं?"

पोरगी हुशार होती. "ते वळणांत होते, काका. आम्ही वळणांचे पैसे घेत नाही."

मी खळखळून हसले. भिंगरी हसला नाही. खिशातून काहीतरी पडलं असावं तसा तो जमिनीकडे बघत राहिला. "एक तास वीस मिनिटांत आपली बस शहराबाहेर सुद्धा पडत नव्हती, बाई," तो मला म्हणाला.

"पडली असती. तू डोकी मोजत बसायचास म्हणून अडायची."

"ते करावंच लागतं," तो म्हणाला. मग त्यानं काउंटरवर दोन्ही तळहात टेकले. "काढ गं बाई तिकिटं. दोन. उद्या दुपारची. परवा सकाळी माझ्या बहिणीचं काळीज उघडणार आहेत."

ती मुलगी हसायची थांबली आणि भराभर टाइप करू लागली.

त्याची ताई त्या दुसऱ्या शहरात राहत होती. हृदयाची झडप निकामी झाली होती. आदल्या संध्याकाळी ताईच्या मुलीनं, म्हणजे भिंगरीच्या भाचीनं, फोन करून ऑपरेशनचा दिवस सांगितला. मग ताईनं स्वतः फोन हातात घेतला. "धाकट्या, विमानानं ये," ती म्हणाली. "बसनं निघालास तर वाटेतल्या प्रत्येक टपरीवर उतरशील. मला आत नेण्याआधी तुझं तोंड बघायचंय मला. बाहेर आल्यावर कोण कुणाला ओळखतंय!"

हे मला सांगताना भिंगरी माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत चालत होता. "हसत होती हो, बाई. पण हसता हसता मध्येच दम खात होती."

त्या दोघांची आई अंथरुणाला खिळलेली. ताई स्वतः शाळकरी पोर, पण या धाकट्याला तिनंच वाढवलं. हा चालायला लागला तोच मुळी घराबाहेर. कपडे धुवायला बसली की ताई एक दोरी घ्यायची. एक टोक याच्या कमरेला, दुसरं आपल्या. मग पीळ द्यायला उठायचं झालं तरी दोघांनी मिळून उठायचं. पुढं हा मालट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग आमच्या कंपनीची बस चालवायला आला, तेव्हा ताई म्हणाली होती, "चला, आता दोरी त्या मोटारीच्या हातात." लग्न त्यानं केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "बायको म्हणजे काय स्टेपनी आहे, मागं लटकवून गावोगाव फिरवायला?"

आणि आम्हाला सगळ्यांना ताई ठाऊक होती. त्या शहरात प्रयोग असला की वीस-बावीस माणसांचा आमचा लवाजमा तिच्या दोन खोल्यांत उतरायचा. गच्चीवर राजाचे झगे आणि भिकाऱ्यांची लक्तरं एकाच दोरीवर वाळायची. आमच्या खलनायकाला ती "ए दुष्टा, ताटं घे रे" म्हणून कामाला लावायची आणि तो मुकाट्यानं ताटं घ्यायचा. मला सर्दी झाली होती तेव्हा रात्रभर उशाशी बसून तिनं माझ्या नाकाखाली वाफेचं भांडं धरलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मला गायचं होतं. म्हणून भिंगरीनं नुसतं "बाई, मला विमानातलं काही कळत नाही" म्हटलं, तशी मी बॅग भरायला घेतली. मी दोनदा विमानात बसले होते. आमच्या दोघांत मिळून अनुभव तेवढाच.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

भिंगरी कंपनीत नवा असताना एका चहाच्या टपरीवर आमचा प्रॉम्प्टर राहिला. बस सुटली, सगळे पेंगत होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या गावी पोचल्यावर शोधाशोध झाली. तोवर प्रयोगाची वेळ झालेली. प्रॉम्प्टर नाही म्हटल्यावर नायक पहिल्या अंकात जो अडला तो थेट तिसऱ्या अंकात निघाला, आणि प्रेमात पडण्याआधीच प्रेयसीच्या प्रेतावर रडू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या ही गोष्ट वेगळी. तेव्हा भिंगरी माघारी त्या टपरीपर्यंत गेला होता. प्रॉम्प्टर तिथंच बाकावर बसून होता. म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माझी गरज नाही."

हे वाक्य भिंगरीला लागलं. त्या दिवसापासून त्याचा नेम ठरला: गाडीत सगळ्यांत शेवटी चढायचं. आधी सगळ्यांना चढवायचं, दारात उभं राहून एकेकाचं डोकं मोजायचं. मग खाली उतरून टपरीच्या मागं, झाडाखाली, संडासात, नाट्यगृहाच्या विंगेत, सगळीकडे बघून यायचं. "कुणी राहिलं का? कुणी राहिलं का?" हा त्याचा आवाज घुमल्याशिवाय आमची बस कधी हलली नाही. एकदा त्यानं आमच्या राजाला मुकुटासकट पडद्यांच्या गठ्ठ्यावर झोपलेला शोधून काढला, आणि खांद्यावर टाकून आणला. आणि त्याला घाई करायचं कारणच नव्हतं. तोच ड्रायव्हर. त्याला सोडून गाडी जाणार कुठं?

विमानतळावर पहिल्याच झटक्याला सामान तपासणाऱ्यांनी त्याच्या पिशवीतून पाना काढला.

"हे काय?"

"चाकाचा पाना."

"विमानात कशाला?"

"लागला तर," भिंगरी म्हणाला.

पाना तिथंच राहिला. पुढं कितीतरी वेळ तो रिकाम्या पिशवीत हात घालून चाचपत होता. गेटपाशी खुर्च्यांच्या रांगा होत्या. मी बसले. तो काचेला नाक लावून बाहेरच्या विमानाकडे बघत राहिला, बाजारात जनावर पारखायला आलेला माणूस बघतो तसा.

"टायर बारीक आहेत, बाई. एवढ्या बोजाला."

"त्याला उडायचंय. घाट चढायचा नाही."

"उतरताना टायरवरच उतरणार ना?"

शेजारच्या बाईंनी पर्स पोटाशी घट्ट धरली.

"चालवणारा कुठाय?"

"आत, पुढं."

"तोंड तरी बघायला मिळतं का?"

"नाही."

"ज्याचं तोंड पाहिलं नाही अशा ड्रायव्हरच्या गाडीत मी कधी बसलो नाही."

"तू कुठल्याच ड्रायव्हरच्या गाडीत कधी बसला नाहीस."

"तेही खरंच," तो म्हणाला. मग खिशातून फोन काढून भाचीला लावला. "ताई काय करतेय?... झोपलीय? उठवू नको. नाही, उठव. नको, राहू दे." फोन ठेवला आणि काचेपासून खांबापर्यंत, खांबापासून काचेपर्यंत चालायला लागला. त्याच्या जिवाची घालमेल पायांत उतरली होती. मी दोनदा हाताला धरून बसवलं. दोन्ही वेळा बूड टेकल्याबरोबर त्याचा उजवा पाय फरशीवर ब्रेक शोधू लागला.

मग घोषणा झाली आणि लोक उठले. आम्हीही रांगेत लागलो. गेटपाशी आल्यावर तो बाजूला झाला. "तुम्ही व्हा पुढं, बाई. मी आलोच शेवटी."

आणि मी पुढं झाले.

लोकांना नवल वाटतं, की बाई, तुम्हाला कळलं कसं नाही? पण हे वाक्य ऐकत मी इतकी वर्षं बसमध्ये चढले होते, की आईनं "नीट जा" म्हणावं आणि आपण ऐकल्या न ऐकल्यासारखं निघावं, तसं ते कानावरून गेलं. मी चढले, जागा शोधली, त्याच्यासाठी खिडकी सोडली. लोक येत गेले, सामान कोंबत गेले. शेवटची म्हणून कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. त्यानंतर कुणी नाही. दार लागल्याचा जड आवाज आला. तेव्हा कुठं मी शेजारच्या रिकाम्या खिडकीकडे पाहिलं.

"अहो, एक माणूस राहिलाय!" मी हवाईसुंदरीला म्हटलं.

"दार बंद झालंय, आजी. आता उघडता येत नाही."

"अहो, पण तो राहिलेला नाहीये, तो मोजतोय!"

तिनं माझ्या हातावर थोपटलं आणि माझा पट्टा आवळला.

रंगमंचावर समोरच्या नटानं प्रवेश चुकवला की एकेक क्षण कसा ताणत जातो ते मला चांगलं माहीत आहे. पण असा ताणलेला वेळ मी कधी पाहिला नाही. मी सरकून खिडकीशी बसले. खाली रस्ता दिसत होता, शिवताना हातून पडलेल्या दोऱ्यासारखा. घाटात त्याची नुसती गुंतवळ झाली होती. त्या एकेका वेढ्याशी भिंगरी आम्हाला उठवायचा. इथं उतरून पाय मोकळे करा. इथं थंड पाणी आहे. इथं दरड पडते, जरा गप्प बसा. वरून त्यातलं काही दिसत नव्हतं. चहा आला, बिस्कीट आलं, चहा गेला, आणि कानांत दडे बसू लागले.

उतरल्याबरोबर फोन चालू केला. तो वाजतच होता.

"बाई, विमान गेलं."

"मला माहीत आहे. मी त्यातच होते."

"त्या गेटवरच्या पोरीनं यंत्रात सांगितलं, एक प्रवासी बाकी आहे म्हणून. मी तिथंच उभा होतो. म्हटलं, थांब, मी बघतो. संडास बघितले. चहाच्या दुकानामागं बघितलं. एक जण तीन खुर्च्यांवर आडवा झोपला होता, त्याला उठवलं. तो भलत्याच गावाला निघालेला, शिव्या घातल्या त्यानं मला. मग परत आलो."

"सापडला का तो बाकी राहिलेला?"

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"मीच होतो हो तो, बाई."

मला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. दुसरं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. तोवर ताई आत गेलेली असणार. पण भिंगरी गप्प बसणारा नव्हता. तो बस स्टँडवरूनच बोलत होता. "संध्याकाळची बस धरलीय. चौदा तास. सकाळी सातला पोचतो. तिला आठला नेणार ना? मग आहे वेळ. ताईला सांगू नका. नाही, सांगा. तिला कळेलच."

दवाखान्यात ताई पलंगावर उशांना टेकून बसली होती. एवढीशी झाली होती. मी दारात एकटीच दिसल्याबरोबर तिनं माझ्या मागं पाहिलं. मी सगळं सांगितलं. खोटं सांगायला सुचलंच नाही. रंगमंचाबाहेर मला ते कधी जमलं नाही. ताईचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. इतकी हसली की बाजूच्या यंत्राची टिकटिक वाढली आणि नर्स धावत आली.

"काय चाललंय आजी? हसायचं नाही!"

"अगं, माझा भाऊ हरवला," ताई म्हणाली, "आणि तोच त्याला शोधत होता!"

नर्सनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच हा फार्स लिहिला होता. भाचीनं पाणी दिलं. ताई हळूहळू शांत झाली. खिडकीबाहेर उजेड कमी होत चालला होता.

"पोचेल ना गं?" ताईनं विचारलं.

"तो कधी वेळ चुकला आहे का?"

"आज चुकला की." ती चादरीची कड बोटांनी चुरगळत होती. "मला त्या कापाकापीची भीती नाही. एवढी झाले, पुष्कळ बघितलं. पण मी बाहेर आलेच नाही, तर हा वेडा सगळा दवाखाना पालथा घालत फिरेल. कुणी राहिलं का, कुणी राहिलं का, करत. त्याला समजवायचं कुणी? म्हणून म्हटलं, आधी एकदा समोर ये. मी सांगते तुला नीट."

भाची तोंड फिरवून बाटलीचं झाकण लावत राहिली.

भिंगरीचे फोन येत राहिले. त्याला ड्रायव्हरच्या अगदी मागची जागा मिळाली होती, आणि ती त्या ड्रायव्हरचं दुर्दैव. "बाई, हा माणूस चढणीला गिअर बदलत नाही. गाडी रडतेय त्याची." मग: "मी सांगितलं त्याला. तो म्हणतो, आजोबा, झोपा." मग: "माझ्या पोटरीत गोळा आलाय, इथं ब्रेक दाबून दाबून."

सकाळी भाचीचा फोन वाजला तेव्हा तो घाट उतरत होता. म्हणजे ठरल्यापेक्षा थोडा मागं, पण येण्यासारखा. मी ताईला तसं सांगितलं. तिनं केस विंचरून घेतले. मग पुन्हा फोन. टायर फुटला होता. घाट उतरल्यावर शेवटच्या वळणाशी, शहराबाहेरच्या नाक्याच्या अलीकडे. "जॅक यांचा गंजलाय," तो ओरडून सांगत होता. "पाना यांच्याकडे धड नाही. माझा असता तर... अहो, दुसरी गाडीही थांबत नाही इथं!"

आणि वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आले. ताईला उचलून त्यावर निजवलं. हिरवी टोपी घातली. तिनं टोपीखालून कॉरिडॉरच्या टोकाकडे पाहिलं. तिथं झाडूवाला सोडून कुणी नव्हतं.

"दोन मिनिटं थांबा," ती म्हणाली.

"आजी, मोठे डॉक्टर आत उभे आहेत."

"त्यांनाही बसायला सांगा दोन मिनिटं." मग भाचीला, "फोन लाव त्याला. मला दे."

भाचीनं फोन लावून ताईच्या कानाशी धरला. मी ढकलगाडीच्या दांड्याला धरून उभी होते, इतकी जवळ, की पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. भरधाव जाणारा ट्रक. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. कुणीतरी "धरा, धरा, सुटतोय" म्हणून ओरडत होतं.

"धाकट्या," ताई म्हणाली, "कुठं पोचलास?"

आता मी तुम्हाला सांगते, अंतराच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. बाकीचे ड्रायव्हर "आलंच, हे काय समोर" म्हणून प्रवाशांना खेळवतात. आम्ही भुकेनं कासावीस होऊन विचारलं तरी भिंगरी जे असेल ते सांगायचा. अजून दोन तास. अजून एक घाट. त्यावरून आम्ही त्याला किती बोललो असू. एकदा तर आमच्या विदूषकानं हात जोडले होते, की बाबा रे, आज तरी आमच्या समाधानासाठी खोटं बोल. तेव्हा तो म्हणाला होता, "मी म्हटलं म्हणून गाव जवळ येतं का?"

फोनवर एक श्वास ऐकू आला.

"जिन्यात आहे, ताई," भिंगरी म्हणाला. "लिफ्ट भरलीय, म्हणून चढत येतोय. तू हो पुढं. मी हा आलोच."

मागून आणखी एक ट्रक गेला. ताईच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. तिला ट्रक ऐकू आला की नाही, देव जाणे. "बरं," ती म्हणाली. "दमानं चढ." मग तिनं फोन भाचीच्या हातात दिला आणि वॉर्डबॉयला हातानं खूण केली, की चला.

दार लागलं. वर लाल दिवा लागला.

भिंगरी आला तेव्हा तो दिवा लागून दीड तास होऊन गेला होता. तो खरंच जिन्यानं आला. लिफ्ट रिकामी होती, तरी. शर्ट ग्रीसनं माखलेला, उजव्या हाताच्या बोटांची कातडी सोलून निघालेली. त्यानं दिव्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, आणि चालायला लागला. दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून दारापर्यंत. नर्सनं हात धुवून पट्टी बांधून दिली, ती त्यानं चालता चालताच बांधून घेतली. भाचीनं डबा उघडला, तो त्यानं बंद केला. एकदा मधेच खाली जाऊन रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला गाडी कशी उभी करायची ते शिकवून आला.

"मामा, बस रे जरा," भाची म्हणाली.

"खोटं बोललो गं तिच्याशी," तो म्हणाला. "आत जाता जाता खोटं बोललो. आता काही कमीजास्त झालं तर तिच्या कानात शेवटचं काय राहील? जिना!"

"त्याच बोलण्यावर ती आत गेली, भिंगरी," मी म्हटलं. "नाहीतर मोठ्या डॉक्टरांना बसवून ठेवलं होतं तिनं."

त्याला ते पटलं नाही. अशा वेळी समोरच्याला गप्प करणारं वाक्य नाटकात सापडतं, तिथं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं.

दुपारी दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली. झडप बसली होती. पण रात्र काढायला हवी, शुद्धीवर यायला हवी, तोवर काही सांगता येत नाही, असं म्हणाले. म्हणजे पुन्हा चालणं आलं. बाकावर टेकलेल्या मला कधी झोप लागली कळलं नाही. सकाळी जाग आली तेव्हा अंगावर त्याचा ग्रीसचा वास येणारा कोट होता, आणि तो खिडकीशी उभा होता.

उन्हं वर आल्यावर नर्स आली. ताईनं डोळे उघडले होते, नळी काढली होती, एकेकानं यायचं, दोनच मिनिटं. भाची जाऊन डोळे पुसत आली. मग तो गेला. मला आत सोडत नव्हते, पण मी काचेच्या दाराच्या फटीशी उभी राहिले. म्हाताऱ्या नटीला विंगेतून बघायची सवय असते. तिला कोण हटकणार?

खाटेशेजारी स्टूल होतं. "बसा," नर्स म्हणाली. आणि काय आश्चर्य, भिंगरी बसला. दोन्ही पाय जमिनीला टेकून, जराही न हलता बसला. ताईचं तोंड सुकलेलं, ओठांना भेगा. ती त्याच्याकडे खूप वेळ बघत होती. मग तिनं हळूच हात सरकवून त्याचा हात धरला. पट्टीवरून अंगठा फिरवला. त्याच्या नखांतला काळा थर अजून गेला नव्हता. तो तिनं एकेक बोट उलटून पाहिला, लहानपणी जेवायला बसवण्याआधी बघत असणार तसा.

"जिन्यात होतास ना रे?" तिचा आवाज पानांच्या सळसळीएवढा होता.

भिंगरीनं हात मागं ओढला नाही.

"नव्हतो, ताई. नाक्यावर टायर बदलत होतो. घाल शिव्या."